चाकू कुणाच्या हातात होता? इंदूरमधल्या साडेसोळा वर्षांच्या मुलाचं प्रकरण

कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा किशोर न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे खालचं प्रकरण कुण्या एका मुलाचं नाही. अशा प्रकरणांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते रचलं आहे. कायद्याच्या तरतुदी आणि निवाडे मात्र खरे आहेत.

घटना अशी. दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार, रात्रीचे साडेआठ. इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका आतल्या रस्त्यावर दोघं मोटरसायकलवरून आले. गाडी चालवत होता साडेसोळा वर्षांचा मुलगा, मागे बसलेला बावीस वर्षांचा तरुण. पायी जाणाऱ्या एका बाईंच्या हातातला मोबाइल मागच्याने ओढला. त्यांनी सोडला नाही, तेव्हा त्याने खिशातून चाकू काढून समोर धरला. मोबाइल गेला, बाईंना जखम झाली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर आला. गाडी मुलाच्या काकांची. रविवारी दुपारी चारला पोलीस दारात.

घर मराठी, भाड्याच्या दोन खोल्या. वडील लग्नकार्यात स्वयंपाकाची कामं घेणारे आचारी, पण सहा महिन्यांपूर्वी पाय मोडल्यापासून घरीच. आई चार घरी पोळ्या करते. मुलाने नववीत शाळा सोडली आणि एका गॅरेजवर जाऊ लागला. मागे बसलेल्या तरुणाची ओळख तिथलीच. त्याच्यावर आधीचे चोरीचे दोन गुन्हे होते.

रविवारी संध्याकाळचा पहिला घोळ वयाचा. मुलाच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी होती. कागद न दाखवता नोंदणी झाली की हीच तारीख बसते, आणि वर्षही अंदाजानेच लिहिलं जातं. त्या हिशेबाने मुलगा अठरा पूर्ण केलेला निघत होता. म्हणून थान्यात त्याला सज्ञान धरलं, अटक दाखवली आणि हवालातीत बसवलं. कायद्याच्या कलम १० प्रमाणे बालकाला कोणत्याही परिस्थितीत हवालातीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पण व्यवहारात ते संरक्षण ‘हा बालक आहे’ असं कुणीतरी कागदावर म्हटल्यावरच सुरू होतं. ते म्हणायला वकील लागत नाही. आई, आत्या, शेजारी कुणीही टीआयंना (थान्याच्या प्रमुख निरीक्षकांना) साध्या कागदावर लिहून देऊ शकतं. एवढंच, की त्याची पोच घ्यावी आणि पोचेवर वेळ टाकून घ्यावी.

वय ठरवण्याचा क्रम कलम ९४ मध्ये ठरलेला आहे. आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या मंडळाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगर निगम, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि ती आदेशापासून पंधरा दिवसांत पूर्ण व्हायला हवी. आधार या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख धरली, ती कलम ९४ चाच आधार घेऊन. पण शाळेचा कागदही नेमका हवा. जुलै २०२३ च्या पी. युवाप्रकाश निवाड्यात शाळेची टीसी आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा कलम ९४ ला पुरेसे धरले गेले नाहीत. म्हणून टीसी घेऊन धावण्याऐवजी मुख्याध्यापकांच्या सहीचा जन्मतारखेचा दाखला मागावा. जन्मतारीख कोणत्या नोंदीवरून घेतली, हेही त्यात लिहून घ्यावं.

इथे शाळेला सुट्टी, मुख्याध्यापक गावी. जन्मदाखला म्हणावा तर पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालेलं, म्हणजे नोंद जळगाव जिल्ह्यातल्या नगरपरिषदेत. इंदूरच्या मराठी घरांत हे हमखास निघतं. मूल इथे वाढतं, पण जन्माची नोंद खानदेशात नाहीतर विदर्भात. मामाने सोमवारी सकाळी नक्कल काढून फोटो पाठवला. त्यात मुलाचं नावच नव्हतं, फक्त आई-वडिलांची नावं, लिंग आणि तारीख. बारशाआधी नोंद झाली आणि नंतर नाव घालायला कुणी गेलं नाही, की असं होतं. तरी कागद निरुपयोगी ठरला नाही. त्या जोडप्याला दुसरा मुलगा नाही असं आईने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं आणि दावा उभा राहिला. शाळेचा दाखला आठ दिवसांनी आला, तारीख तीच. मामाची ती एक फेरी झाली नसती तर मुलगा सोमवारी नेहमीच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला असता. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही करता येतो. पण तोवर गेलेले दिवस परत येत नाहीत.

कलम ३११

आता प्रकरणाचा खरा कणा. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची तीन कलमं होती: ३०९(४) जबरी चोरी, ३११ प्राणघातक शस्त्राचा वापर करून जबरी चोरी, आणि ३(५) समान इरादा. दोघांवर सारखीच.

किशोर न्याय कायदा गुन्ह्याचं वजन शिक्षेवरून करतो. जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा असेल तर किरकोळ. किमान सात वर्षं असेल तर जघन्य. मधलं सगळं गंभीर. कमाल शिक्षा सातच्या वर आहे, पण किमान सात ठरवलेली नाही, असे गुन्हे कुठे घालायचे हा प्रश्न शिल्पा मित्तल निवाड्याने जानेवारी २०२० मध्ये सोडवला: गंभीर. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात लिहिलं, आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे.

आता हाच मोबाइल तीन प्रकारे जाऊ शकतो. झटका मारून पळाले, एवढंच असेल तर कलम ३०४, झपटमारी, कमाल तीन वर्षं, म्हणजे किरकोळ. भीती घालून नेला तर ३०९(४), कमाल दहा वर्षं, किमान नाही, म्हणजे गंभीर. हमरस्त्यावर सूर्यास्तानंतर झालं तर कमाल चौदापर्यंत जाते, तरी गंभीरच. पण ३११ लागलं की किमान सात, म्हणजे जघन्य. आणि मुलगा सोळा पूर्ण केलेला असल्यामुळे कलम १५ ची प्राथमिक छाननी सुरू होते. तिच्या शेवटी त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालवायला बालन्यायालयाकडे पाठवता येतं.

ते एक कलम आणखीही काम करतं. या कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतल्या नियम ८ नुसार बालकाला ताब्यात घेण्याचा अधिकार मुळात जघन्य गुन्ह्यातच आहे. बाकीच्यांत त्याच्या हितासाठी गरज असेल तरच. एफआयआरही जघन्य गुन्ह्यात किंवा सज्ञान सोबत असेल तरच, नाहीतर रोजनामच्यात नोंद करून नमुना १ मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बोर्डाकडे, म्हणजे मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या किशोर न्याय बोर्डाकडे पाठवायचा. इथे बावीस वर्षांचा सोबत असल्याने एफआयआर होणारच होती. मुलाला उचलून नेण्याला आधार मिळाला तो ३११ चा.

ते कलम लावणं चुकीचं होतं, असं म्हणायला जागा आहे. ३११ हे जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ३९७ चंच रूप. त्यावर सर्वोच्च न्यायालय १९७५ च्या फूलकुमार निवाड्यापासून एकच सांगत आलं आहे: शस्त्र उघड दिसेल असं धरलं तरी तो ‘वापर’ झाला, पण हे कलम ज्याने शस्त्र वापरलं त्यालाच लागतं, साथीदाराला समान इराद्याच्या दोरीने त्यात ओढता येत नाही. मध्य प्रदेशातल्याच रामरतन प्रकरणात २०२१ मध्ये हेच पुन्हा सांगितलं गेलं. चाकू मागच्याच्या हातात, मुलाचे दोन्ही हात हँडलवर. मुलावर उरतं ३०९(४) आणि ३(५), म्हणजे गंभीर गुन्हा.

हे सोमवारी, पहिल्याच हजेरीत बोर्डापुढे लेखी यायला हवं होतं. आलं नाही. घरच्यांनी केलेला वकील फौजदारी न्यायालयात रुळलेला होता, त्याचा सगळा जोर ‘मुलगा निर्दोष आहे’ यावर. ते पुढच्या चौकशीचं काम. पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न एकच असतो: एफआयआरमधल्या कोणत्या वाक्यावरून हे कलम या मुलाला लागतं?

आणखी एक गोष्ट रविवारीच झाली होती. मोबाइल कुठे लपवला हे मुलाने सांगितल्याचा मेमो करून त्यावर त्याची सही घेतली. नियम ८ प्रमाणे बालकाकडून कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही, त्याला बेड्या घालता येत नाहीत, आणि बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत असायला हवं. गणवेश आणि बेड्या पुढे सिद्ध करणं अवघड. सही मात्र कागदावरच असते.

जामीन

सोमवारी जामीन नाकारला गेला. कारण लिहिलं: सहआरोपी सराईत, मुलगा पुन्हा त्याच्या संगतीत जाण्याची शक्यता. कलम १२ मध्ये जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारण्याची कारणं तीनच: सोडल्यास ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाणार, नैतिक, शारीरिक वा मानसिक धोक्यात पडणार, किंवा न्यायाचा हेतूच हरणार. कारण लेखी नोंदवावं लागतं. गुन्ह्याचं गांभीर्य या यादीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अपवादांत बसणारा निष्कर्ष नोंदवल्याशिवाय जामीन नाकारता येत नाही असं म्हणत वर्षाहून अधिक काळ आत असलेल्या मुलाला सोडलं.

इथल्या नकाराची खोट अशी की तो मागच्या संगतीवर उभा होता. कायदा विचारतो ते सुटल्यानंतरचं. ज्याच्या संगतीची भीती, तो स्वतः तुरुंगात होता. पण नुसत्या युक्तिवादाने बोर्ड हलत नाही. त्यांना मुलगा उद्या सकाळी कुठे उठणार आणि दिवसभर काय करणार, हे दिसावं लागतं. दुसऱ्या अर्जासोबत ते दाखवलं: मुलगा देवासला आत्याकडे राहील (आत्याचं संमतिपत्र, भाडेकरार आणि वीजबिल जोडलेलं), गॅरेज बंद, ओपन स्कूलमधून दहावीच्या प्रवेशाची चौकशी केल्याचा कागद, आठवड्यातून एकदा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडे हजेरी. सोळाव्या दिवशी जामीन मंजूर.

मंजूर झाला, पण मुलगा सुटला नाही. पंचवीस हजारांचा जमानतदार मागितला होता. मध्य प्रदेशात जमानतीला शेतजमिनीची ऋणपुस्तिका, म्हणजे जमिनीचा हक्क आणि कर्ज नोंदवलेली पुस्तिका चालते. माळव्यात तिला पावती म्हणतात. भाड्याने राहणाऱ्या मराठी घरात ती कुठून येणार? शेत असलंच तर ते चोपडा-यावलकडे, आणि सातबारा इथे कुणी पाहत नाही. न्यायालयाबाहेर पावती भाड्याने देणारे असतात. त्यांच्याकडे जाऊ नये: एकच पावती चार जणांच्या जमानतीला लागलेली निघाली तर जमानतही जाते आणि वर नवा गुन्हा बसतो. योग्य वाट कलम १२(४) मध्ये आहे. जामिनाची अट सात दिवसांत पुरी करता आली नाही तर मुलाला बोर्डापुढे आणून अट बदलायची. आईच्या हमीपत्रावर सुटका झाली. हा अर्ज तयार ठेवून आठव्या दिवशी सकाळी द्यायचा असतो. तो न दिल्याने मुलं जामीन होऊनही संप्रेक्षण गृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) बसून राहतात, आणि ही या सगळ्यातली सर्वांत उगाचची कैद.

एका तासाची गृहभेट

परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक अन्वेषण अहवाल द्यायचा असतो, नमुना ६ मध्ये. जामीन, पुढचा आदेश, कलम १५ ची छाननी, सगळीकडे हाच कागद वाचला जातो. मुलाचं नशीब ठरवण्यात याच्याइतकं वजन दुसऱ्या कुठल्या कागदाला नाही, आणि इतक्या घाईत भरला जाणाराही दुसरा नाही.

पहिला मसुदा असा होता: संगत वाईट, शिक्षणात रस नाही, पालकांचं नियंत्रण नाही. तिन्ही वाक्यं शेजाऱ्यांकडून आलेली. अधिकारी आले तेव्हा आई पोळ्यांच्या कामावर होती आणि वडिलांनी लाजेखातर ‘सगळं बरं आहे’ म्हटलं. घरच्यांना वाटतं अडचणी सांगितल्या तर मुलगा आणखी अडकेल. उलट आहे. वडिलांचा पाय कधी मोडला, घरात किती येत होतं आणि किती येतं, शाळा कोणत्या महिन्यात सुटली, हे तारखांसकट सांगायला हवं. दवाखान्याचा कागद, शाळेची फीची थकबाकी हाताशी हवी.

सर्वांत मोठी गोष्ट कुणी विचारलीच नव्हती. जुन्या मोबाइलचा डिस्प्ले गेल्यावर त्या तरुणाने मुलाला सहा हजार रुपये दिले होते. परतफेड दर आठवड्याला तीनशे. दोन हप्ते चुकले तेव्हा ‘गाडी घेऊन ये, एक काम आहे’ असा निरोप आला. हे समुपदेशकाशी तिसऱ्या भेटीत निघालं. मुलाचा मोबाइल जप्त होता, पण त्याचं यूपीआय आईच्या खात्याला जोडलेलं. आईने बँकेत जाऊन पासबुकावर नोंदी छापून आणल्या. एक जमा सहा हजारांची, पुढे तीनशेच्या ओळी, सगळ्या एकाच नावाला. तोंडी सांगितलेली कर्जाची गोष्ट बचावाची थाप वाटते. पासबुकाच्या ओळी वाटत नाहीत. अहवाल बदलला.

त्याचा दुसरा परिणामही होता. बालकाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ९५ खाली किमान तीन ते कमाल दहा वर्षं शिक्षा आहे, आणि किशोर न्याय कायद्याच्या कलम ८३(२) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख दंड. आईने तपास अधिकाऱ्याला पासबुकाच्या नकलेसह तसा अर्ज दिला. या कलमांचा विचार फार क्वचित होतो. मूल आरोपी म्हणून आत आलं की ते वापरलंही गेलं असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

काकांचं थोडक्यात. अल्पवयीनाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होऊ शकते. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘मला न विचारता नेली’ हा बचाव आहे, पण चाव्या खुंटीवर लटकत असतील तर तो टिकवणं कठीण.

चौकशी आणि आदेश

जघन्य गुन्ह्याचा आरोप असलेल्या सोळावरच्या मुलाच्या बाबतीत साक्षीदारांचे जबाब आणि कागद पहिल्या हजेरीपासून एका महिन्यात बोर्डापुढे यायला हवेत, आणि त्याची नक्कल मुलाला किंवा पालकांना मिळायला हवी. ती मिळाली. फिर्यादी बाईंच्या जबाबात स्पष्ट होतं: ‘पीछे बैठे लड़के ने चाकू निकाला.’ त्यावर ३११ चा अर्ज झाला. तोवर दुसरा वकील आला होता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. बालकाला ही मदत उत्पन्न न पाहता मिळते आणि १५१०० वर मागता येते. बोर्डाने मुलापुरता गुन्हा गंभीर धरला. कलम १५ ची गरज उरली नाही.

उरली असती तर एक सावधगिरी घ्यावी लागली असती. छाननी तीन महिन्यांत व्हावी असं कायदा म्हणतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक नसल्याचं ठरवलं, त्यामुळे मुदत उलटली एवढ्यावर मुलगा सुटत नाही. बोर्डात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं मात्र २०२२ च्या बरुण चंद्र ठाकूर निवाड्यानंतर अनिवार्य आहे. छाननी म्हणजे खटला नव्हे. ‘तू हे का केलंस’ असा प्रश्न आला की वकिलाने तिथेच थांबवायला हवं, कारण त्यात गुन्हा केल्याचं गृहीत धरलेलं असतं.

मुलाची चौकशी बोर्डापुढे, तरुणाचा खटला सत्र न्यायालयात. कलम २३ मुळे दोन्ही एकत्र चालत नाहीत, आणि एकाच बाईंना दोनदा साक्षीला यावं लागतं. त्यांचाही विचार व्हायला हवा. इथे त्यांनी बोर्डापुढे मुलाला ओळखलं आणि त्याने काहीच केलं नाही असं म्हणायला नकार दिला. चाकू बघूनही गाडी चालू ठेवली, यावर बोर्डाने त्याचा सहभाग मान्य केला. घरच्यांना हा पराभव वाटला. पण पुढचा आदेश कलम १८ चा होता: आईच्या हमीवर एक वर्ष सद्वर्तनाची परिवीक्षा, समुपदेशन, रविवारी एका वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालण्याचं सामुदायिक काम, दहावीचा फॉर्म भरण्याची अट. विशेष गृहाची (गुन्हा सिद्ध झालेल्या मुलांना ठेवतात तिथली) कमाल तीन वर्षं याच कलमात आहेत. मधलं अंतर अहवालाने कापलं.

आदेशानंतरचं काम बहुतेक घरांत कुणी करत नाही. कलम २४ प्रमाणे या निष्कर्षामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवून नष्ट करायच्या असतात. कलम ७४(२) नुसार चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी ही नोंद सांगायची नाही. पण मुलाचं नाव आणखी एका ठिकाणी राहतं: तरुणाविरुद्धच्या एफआयआर आणि आरोपपत्रात, तेही वडिलांच्या नावासकट. ते बोर्डाचे कागद नाहीत, म्हणून बोर्डाने नोंदी नष्ट केल्या तरी ते शिल्लक राहतात, आणि पोलीस पडताळणीत तिथूनच वर येतात. म्हणून आदेश मिळाल्यावर दोन अर्ज करायचे. एक सत्र न्यायालयात: मुलाचं नाव झाकून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ एवढंच ठेवावं. दुसरा बोर्डाकडे: थान्याला आणि पोलिसांच्या संकेतस्थळावरच्या एफआयआरसाठी तसं निर्देशपत्र द्यावं. एफआयआर नंबर, वर्ष आणि थान्याचं नाव अर्जात अचूक असावं, आणि सोबत बोर्डाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल. महिन्याभराने संकेतस्थळ उघडून ती एफआयआर अजून दिसते का, ते आईने स्वतः पाहावं.